रॉ विरुद्ध नायट्रो : सोमवारचे भाग समोरासमोर ठेवून बघताना

रिंगणकर

डब्ल्यूडब्ल्यूएफचा (अमेरिकेतली कुस्ती-करमणुकीची कंपनी, आजची डब्ल्यूडब्ल्यूई) विषय निघाला की तिसऱ्या प्रतिसादाला "अहो, ते सगळं खोटं असतं" हे येतंच. ते आधीच मान्य करून टाकू. निकाल ठरलेला असतो, पडणं खरं असतं. धाग्याचा विषय वेगळा आहे.

सप्टेंबर १९९५ ते मार्च २००१ अमेरिकेत सोमवारी रात्री दोन कुस्ती कार्यक्रम एकमेकांच्या अंगावर सोडलेले होते. यूएसए नेटवर्कवर डब्ल्यूडब्ल्यूएफचा 'रॉ' (सप्टेंबर २००० पासून टीएनएनवर) आणि टीएनटीवर डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीचा 'नायट्रो'. परीक्षणं बहुतेक एकेका कार्यक्रमाची वाचायला मिळतात. माझं म्हणणं असं की यातला एकच भाग बघून परीक्षण होत नाही. अमुक प्रसंग अमुक मिनिटालाच का आला, याचं उत्तर बऱ्याचदा पलीकडच्या वाहिनीवर असतं.

पूर्वपीठिका भरभर. रॉ ११ जानेवारी १९९३ ला न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन सेंटरमध्ये सुरू झाला, एका तासाचा. पहिल्या भागात योकोझुना विरुद्ध कोको बी वेअर, शॉन मायकल्स विरुद्ध मॅक्स मून, अंडरटेकर विरुद्ध डेमियन डिमेंटो. नावं बघूनच कळतं की मोठा पैलवान आणि मार खायला आणलेला पैलवान असा हिशेब आहे. नायट्रो ४ सप्टेंबर १९९५ ला मिनेसोटातल्या मॉल ऑफ अमेरिकात, चक्क मॉलच्या मधल्या चौकात रिंग टाकून सुरू झाला. त्या सोमवारी टेनिसच्या यूएस ओपनमुळे रॉ लागलाच नव्हता, म्हणजे मैदान मोकळं. फ्लेअर आणि स्टिंगची कुस्ती चालू असताना लेक्स ल्यूगर चालत आला. तो आदल्याच दिवशी डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कार्यक्रमात लढला होता. पहिल्याच तासात प्रेक्षकाला कळलं की इथे काहीही होऊ शकतं.

आता पद्धत. प्रत्येक भागासाठी कागदावर पाच रकाने आखा : सुरुवातीचं मिनिट, प्रकार (कुस्ती, माइकवरचं बोलणं, पडद्यामागचं दृश्य), घंटा ते घंटा वेळ, शेवट कसा झाला, आणि पुढच्या आठवड्यासाठी काय टांगून ठेवलं. वेळ मोजताना पैलवानाचं येणं धरू नका. १९९८ नंतर कुस्ती ४ मिनिटांची आणि येणं-जाणं ५ मिनिटांचं असे प्रसंग दर भागात सापडतात. येणं धरलंत तर दोन्ही कार्यक्रम भरपूर कुस्ती दाखवत होते असा भास होतो.

शेवटाच्या रकान्यात पाचच शब्द वापरा : पिन (खांदे टेकवून तीन मोजणं), सबमिशन (पकडीत हार कबूल करणं), बाद, मैदानाबाहेर, राडा. राडा म्हणजे कुणीतरी मध्ये घुसलं आणि निकाल लागला नाही. हा रकाना सगळ्यात बोलका निघतो. त्यावर नंतर लिहितो.

चीतपट

पद्धत आवडली, पण एक अडचण. आजच्या प्रतींमधून जाहिराती कापलेल्या असतात. मग "त्याच मिनिटाला पलीकडे काय चाललं होतं" हे जुळवायचं कसं?

रिंगणकर

साधा हिशेब आहे. जाहिराती काढल्या की तासाचे साधारण ४५ मिनिटं उरतात. प्रतीतल्या मिनिटांना चार-तृतीयांशने गुणा, घड्याळाची वेळ मिळते. दोन-चार मिनिटं इकडेतिकडे होतात, पण पाव तासाचा गट चुकत नाही.

खुणा आणखी आहेत. दोन तासांच्या नायट्रोत दुसरा तास सुरू होताना आतषबाजी होते आणि समालोचनाची जोडी बदलते. लॅरी झबिस्को उठतो, बॉबी हीनन बसतो. तिथे बरोबर एक तास झाला असं धरा आणि मागचापुढचा हिशेब त्यावरून सुधारा.

१९९८ साठी वेगळं. २६ जानेवारी १९९८ पासून नायट्रो तीन तासांचा, पूर्वेच्या वेळेनुसार ८ ते ११. रॉ ९ ते ११, तोही दोन-तीन मिनिटं आधीच सुरू होणारा. म्हणून नायट्रोची प्रत ४३-४४ व्या मिनिटापर्यंत बघा आणि तिथे रॉ सुरू करा. १९९६ च्या उत्तरार्धात मात्र नायट्रो दोन तास आणि रॉ एक तास होता. तो टप्पा घड्याळ लावून बघण्यात फार अर्थ नाही. तिथे फक्त शेवटांचा रकाना भरा.

केफेबकाका

आकड्यांबद्दल आधीच सांगून ठेवतो, कारण दर धाग्यावर तोच घोळ होतो. रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे ती वाहिनी ज्या घरांत पोचते त्यांपैकी १ टक्का घरं. अमेरिकेतली सगळी घरं नव्हेत. त्यामुळे "८.१ रेटिंग" याला देशाच्या घरांच्या संख्येने गुणलंत तर उत्तर फुगतं.

दुसरं, संपूर्ण भागाचं रेटिंग हे पाव-पाव तासांच्या आकड्यांची सरासरी असतं, आणि निर्माते बघत होते ते हे पाव तास. कुठल्या पंधरा मिनिटांत किती घरं आली, किती पळाली. म्हणूनच रॉ सुरू होण्याच्या ठोक्याला नायट्रोवर हमखास मोठं नाव दिसतं, आणि रॉवर जाहिरात लागायच्या सुमारास पलीकडे घंटा वाजते.

तीन तासांच्या नायट्रोचा पहिला तास रॉशिवायचा होता. दोन्हींच्या एकूण सरासऱ्या शेजारी मांडून "फरक एवढाच?" म्हणणारे हे विसरतात.

तिसरी दोरी

नायट्रोची बाजू घेणारं इथे कुणी दिसत नाही, म्हणून मी.

१९९६-९७ चा नायट्रो पहिल्या तासात जी कुस्ती फुकट दाखवत होता तिच्या जवळपास रॉ नव्हता. रे मिस्टिरिओ ज्युनिअर, डीन मलेंको, एडी गरेरो, अल्टिमो ड्रॅगन, सिकोसिस, हुव्हेंतुद गरेरा. मेक्सिको आणि जपानमध्ये घडलेले, कमी वजनाचे, हवेत कमरेपासून वळणारे लोक. ज्याला शंका असेल त्याने हॅलोविन हॅवॉक १९९७ मधली मिस्टिरिओ-एडी गरेरो कुस्ती बघावी. ती सोमवारची नाही, पैसे भरून बघायच्या कार्यक्रमातली आहे. पण तिची सगळी तयारी नायट्रोवर झाली होती.

यात रिंगचाही हात आहे, आणि तो परीक्षणात कुणी लिहीत नाही. डब्ल्यूडब्ल्यूएफचं रिंग २० फुटी, डब्ल्यूसीडब्ल्यूचं १८ फुटी. दोन फूट कमी म्हणजे दोरीपासून दोरीपर्यंत एक पाऊल कमी. वेग जास्त वाटतो आणि मोठा पैलवान आणखी मोठा दिसतो. दोऱ्याही वेगळ्या. डब्ल्यूडब्ल्यूएफकडे खरा दोर, वर चिकटपट्टी गुंडाळलेली. डब्ल्यूसीडब्ल्यूकडे रबरी नळीत घातलेली पोलादी तार. एकाच पैलवानाची दोन्हीकडची दोरीवरची उडी शेजारी लावून बघा, पाय टेकल्यावर दोरी किती दबते त्यातला फरक डोळ्यांना दिसतो. नायट्रोतून रॉवर आलेल्यांची पहिल्या महिन्यातली अडखळ काही वेळा या सवयीची असते. ते अचानक वाईट पैलवान होत नाहीत.

चीतपट

दोरीचं हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

पण तिसरी दोरी, हे सगळे उडणारे लोक पहिल्या तासातच का राहिले? शेवटच्या कुस्तीत त्यांना कुणी येऊ दिलं?

तिसरी दोरी

दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. नाही येऊ दिलं. हॉगनच्या करारात स्वतःच्या कथानकावर नकाराधिकार होता. ज्याच्या हातात निकाल, तो स्वतःला पाडून घेत नाही. मिस्टिरिओ, एडी, मलेंको पहिला तास सावरायचे आणि शेवटची वीस मिनिटं हॉगन-नॅश-हॉल यांची. ३१ जानेवारी २००० ला बेन्वा, एडी, मलेंको आणि सॅटर्न हे चौघे एकदम रॉवर जाऊन बसले. त्याची मुळं इथेच आहेत.

वळचणीचा पाऊस

रॉच्या बाजूनेही सरसकट कौतुक नको. १९९५ चा आणि १९९६ च्या मध्यापर्यंतचा रॉ बघवत नाही. अनेक आठवड्यांचे भाग एकाच संध्याकाळी उरकून ठेवलेले, तिसऱ्या आठवड्याच्या चित्रीकरणापर्यंत प्रेक्षक थकलेले. पैलवान कचरागाडीवाला, डुकरं पाळणारा, दाताचा डॉक्टर. आणि पलीकडे थेट प्रक्षेपणात नायट्रोचा कर्ताधर्ता एरिक बिशॉफ रॉच्या रेकॉर्ड केलेल्या भागाचे निकाल आधीच सांगून टाकतोय! प्रेक्षकाने कशाला थांबावं?

रेकॉर्ड केलेला भाग ओळखायच्या खुणा : एक, टाळ्यांचा आवाज आणि प्रेक्षकांचे हात जुळत नाहीत. दोन, सलग दोन भागांत पुढच्या रांगेत तीच माणसं, त्याच कपड्यांत. तीन, समालोचक प्रेक्षागृहातल्या आजच्या घटनेवर काहीच बोलत नाही, सगळं मोघम.

अर्थात आवाजाला फोडणी नायट्रोही देत होता. गोल्डबर्गच्या येण्याच्या वेळच्या घोषणा सुरुवातीच्या काळात लाउडस्पीकरवरून चालवल्या जात. त्याच्या सलग विजयांचा आकडाही तसाच. एका सोमवारहून दुसऱ्या सोमवारी इतका वाढायचा की माणूस रोज दोन वेळा लढला तरी बसणार नाही. शेवटी १७३-० वर नेऊन ठेवला. मोजायला बसलात तर पहिल्या महिन्यातच हिशेब फिसकटतो.

केफेबकाका

नायट्रोच्या रेटिंगमधल्या सलग ८३ आठवड्यांच्या आघाडीचा उल्लेख अजून कसा आला नाही?

२७ मे १९९६. नायट्रो दोन तासांचा झाला तो दिवस. जॉर्जियातलं मेकन. स्टीव्ह डॉल आणि 'मॉलर' नाव लावलेला माइक एनोस यांची अगदी किरकोळ कुस्ती चालू आहे आणि स्कॉट हॉल प्रेक्षकांतून चालत येतो. नाव सांगत नाही. कारण त्याचं 'रेझर रॅमोन' हे नाव डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मालकीचं. प्रेक्षकाने त्याला रेझर म्हणूनच ओळखावं आणि कंपनीने मात्र ते तोंडाने म्हणू नये, अशी ती तारेवरची कसरत. यावरून खटलाही झाला. दोन आठवड्यांनी नॅश आला. ७ जुलैला डेटोना बीचवर तिसरा माणूस म्हणून हॉगन उलटला आणि एनडब्ल्यूओ ही खलनायकांची टोळी तयार झाली.

हे परीक्षणात लिहिताना एक गोष्ट नोंदवा : हॉल येतो ती कुस्ती मुद्दाम फालतू ठेवलेली आहे. मोठ्या कुस्तीत कुणी घुसलं तर प्रेक्षक कुस्तीबद्दल चिडतो. इथे तो फक्त हॉलकडे बघतो. पुढे डब्ल्यूसीडब्ल्यूने हाच डाव मोठ्या कुस्त्यांत वापरला आणि घाण केली.

तिथून १३ एप्रिल १९९८ पर्यंत नायट्रो पुढे. त्या दिवशी रॉने ४.६ विरुद्ध ४.३ ने मात केली. आमिष काय होतं? ऑस्टिन विरुद्ध मालक व्हिन्स मॅकमहन. कुस्ती झालीच नाही, ड्यूड लव्ह (मिक फोली या पैलवानाचं एक रूप) मध्ये पडला.

चीतपट

म्हणजे रॉ पण राड्यावरच जिंकला की. मग रिंगणकरांच्या रकान्याचं काय?

रिंगणकर

रास्त शंका. राडा दोन जातींचा असतो.

आपल्याकडच्या मैदानाच्या पोस्टरवर "निकाली कुस्ती" असं ठळक छापतात, कारण बरोबरीत सोडवलेल्या कुस्तीवर माणूस पुढच्या वेळी गाडीभाडं खर्च करत नाही. रॉने १३ एप्रिलला निकाल टाळला, पण उधारी नेमकी कुणाची आणि कशी फिटणार हे त्याच क्षणी कळलं : ड्यूड लव्ह विरुद्ध ऑस्टिन, पुढच्या पैसे भरून बघायच्या कार्यक्रमात. आणि ती कुस्ती झाली. नायट्रोच्या कागदावर बघा. १९९७ भर शेवटची कुस्ती सुरू होते, एनडब्ल्यूओचे सहा-सात जण धावत येतात, रंगाचे डबे निघतात, पडलेल्याच्या पाठीवर अक्षरं फवारतात, कार्यक्रम संपतो. पाचव्या रकान्यात, म्हणजे "काय टांगून ठेवलं" मध्ये, लिहायला काही सापडत नाही.

आणि जिथे खरंच वर्षभर टांगून ठेवलं होतं, तिथेही शेवट नासवला. स्टिंग वर्षभराहून अधिक काळ लढला नाही. छतावरून दोराने उतरायचा, बोलायचा नाही. २८ डिसेंबर १९९७ ला स्टारकेड या डब्ल्यूसीडब्ल्यूच्या मोठ्या कार्यक्रमात हॉगनशी गाठ. ठरलं असं होतं की पंच निक पॅट्रिक हॉगनच्या बाजूने घाईघाईत तीन मोजेल आणि ब्रेट हार्ट येऊन अन्याय रोखेल. पॅट्रिकने मोजलं नेहमीच्या वेगाने. त्यामुळे पडद्यावर दिसतं ते असं : स्टिंग स्वच्छ हरला, मग ब्रेट हार्टने उगीच तंटा केला आणि त्याला जिंकवलं. घड्याळ लावून बघा, त्याच पंचाच्या इतर मोजण्यांइतकाच वेळ आहे. वर्षभराचा स्वयंपाक आणि मीठ विसरलं.

वळचणीचा पाऊस

ब्रेट हार्ट तिथे कसा पोचला ती साखळीही परीक्षणात हवी, नाहीतर मॉन्ट्रियल समजत नाही. १९९१ मध्ये रिक फ्लेअर डब्ल्यूसीडब्ल्यूचा पट्टा घेऊन डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पडद्यावर दिसला. १८ डिसेंबर १९९५ ला मदुसाने डब्ल्यूडब्ल्यूएफचा महिलांचा पट्टा नायट्रोवर थेट प्रक्षेपणात कचऱ्याच्या डब्यात टाकला. त्यामुळे नोव्हेंबर १९९७ मध्ये ब्रेट डब्ल्यूसीडब्ल्यूकडे निघाला आणि पट्टा त्याच्याकडेच होता तेव्हा मॅकमहनच्या डोळ्यांपुढे तो डबा होता. ९ नोव्हेंबरला मॉन्ट्रियलमध्ये ब्रेटला न सांगता घंटा वाजवली गेली. अन्याय होता, त्याबद्दल वाद नाही. पण त्यातून खलनायक मालक जन्माला आला, आणि ऑस्टिनला पुढची दोन वर्षं समोर कोण हवं होतं ते मिळालं.

मॅकमहनचं पात्र इतकं का चाललं, हे समजायला परदेशी असावं लागत नाही. साहेबाला कानाखाली वाजवायची इच्छा कुठल्याही गावच्या कचेरीत सापडते.

तिसरी दोरी

पावसाताई, सहमत. पण रॉच्या त्याच काळातले बायकांचे प्रसंगही कागदावर येऊ द्या. कुस्ती दीड-दोन मिनिटांची, आणि ती बहुतेक कपडे ओढण्याची. नायट्रो इथे फार सोवळा होता असं नाही, पण रॉने ते दर आठवड्याचं केलं.

वळचणीचा पाऊस

त्यावर दुमत नाहीच. म्हणूनच चौथा रकाना भरताना बायकांच्या कुस्त्या वेगळ्या रंगाने लिहा. १९९५ मध्ये ज्या कंपनीकडे मदुसासारखी खरी लढणारी विजेती होती, तिथे १९९९ मध्ये काय उरलं ते एका नजरेत दिसतं.

रिंगणकर

आता एक जोडी पूर्ण करून दाखवतो. ४ जानेवारी १९९९. सुरुवात करणाऱ्याने हीच घ्यावी.

*नायट्रो.* अटलांटाचा जॉर्जिया डोम, थेट प्रक्षेपण. आठच दिवसांपूर्वी स्टारकेडमध्ये नॅशने गोल्डबर्गला पहिल्यांदा हरवलं, तेही स्कॉट हॉलच्या विजेच्या झटक्याच्या मदतीने. म्हणजे आज गोल्डबर्गला परतफेड मिळणार, प्रेक्षक त्यासाठीच आलेला. होतं काय, तर मिस एलिझाबेथच्या तक्रारीवरून गोल्डबर्गला पोलीस घेऊन जातात. रात्रीचा मोठा भाग पोलीस चौकीतल्या दृश्यांत जातो. निवृत्ती जाहीर केलेला हॉगन त्याच्या जागी उभा राहतो. घंटा वाजते, हॉगन नॅशच्या छातीला एक बोट लावतो, नॅश गोळी लागल्यासारखा आडवा होतो, एक-दोन-तीन. विश्वविजेतेपद गेलं. मग दोघं मिठ्या मारतात. गोल्डबर्ग धावत येतो आणि त्यालाही झोडपून रंग फासतात. चौथ्या रकान्यात "पिन" लिहावं लागतं. घंटा ते घंटा रकान्यात जे येतं ते बघून हात थबकतो.

*रॉ.* मॅसॅच्युसेट्समधलं वुस्टर. हा भाग २९ डिसेंबरलाच चित्रित झालेला. जिम रॉस आजारी, म्हणून समालोचनाला मायकल कोल आणि जेरी लॉलर. द रॉक विरुद्ध मिक फोली, कसलाही नियम नाही. रॉकच्या बाजूला कॉर्पोरेशन, फोलीच्या बाजूला डीएक्स, दोन्ही टोळ्या भिडतात आणि काच फुटल्याचा आवाज येतो, म्हणजे ऑस्टिनच्या येण्याच्या गाण्याची सुरुवात. ऑस्टिन. तो आवाज आल्यावर प्रेक्षागृहात जे होतं ते शब्दांत पकडायच्या फंदात पडू नका, कान देऊन ऐका. रॉकच्या डोक्यात खुर्ची, फोलीचा हात त्याच्यावर, तीन. हाही बाहेरच्याचा हस्तक्षेप आहे. पण वर्षानुवर्षं मार खाणाऱ्या जाड्या माणसाला पट्टा मिळाला, आणि निकाल उभा राहिला.

आता जुळवणी. नायट्रोवर समालोचक टोनी शियाव्होनीने बिशॉफच्या सांगण्यावरून हा निकाल आधीच फोडला. एकेकाळी आपल्याकडे कॅक्टस जॅक नावाने लढणारा फोली तिकडे आज पट्टा जिंकतोय, यावर खुर्च्या भरतील म्हणे, असा टोमणा. १९९५ चा जुना डाव. तेव्हा तो चालला, कारण रॉचे निकाल ऐकून काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. १९९९ मध्ये त्याने प्रेक्षकाला जाहिरातच करून दिली. लाखो घरं तिथल्या तिथे वाहिनी बदलून गेली. रात्रीचा हिशेब : रॉ ५.७, नायट्रो ५.०.

डाव तोच, जोड बदलली होती.

केफेबकाका

उत्तम. एकच पुस्ती. "बोटाने डब्ल्यूसीडब्ल्यू मेली" हे मात्र लिहू नका. त्या रात्रीही ५.० होतं, ही मरणाऱ्या कार्यक्रमाची संख्या नाही. शिवाय नायट्रोचा शेवटचा विजय त्याआधीच होऊन गेला होता : २६ ऑक्टोबर १९९८. तोही कसा मिळाला बघा. आदल्या रात्री हॅलोविन हॅवॉक ठरलेल्या वेळेच्या पुढे गेला आणि गोल्डबर्ग-डायमंड डॅलस पेज ही मुख्य कुस्ती चालू असताना पुष्कळ घरांतलं प्रक्षेपण बंद पडलं. लोकांनी पैसे भरलेले. म्हणून ती कुस्ती दुसऱ्या दिवशी नायट्रोवर फुकट दाखवली. लोकांनी बघितली, नायट्रो जिंकला.

६ जुलै १९९८ चंही तेच. गोल्डबर्गने हॉगनला जॉर्जिया डोममध्ये ४० हजारांच्या आसपास लोकांसमोर हरवलं, सोमवारी, फुकट. त्या रात्री नायट्रो जिंकला. पण महिनोन्‌महिने तापवून पैसे भरून बघायच्या कार्यक्रमात हीच कुस्ती विकता आली असती. बियाणं दळून भाकरी केली.

चीतपट

मग डब्ल्यूसीडब्ल्यू नेमकी बुडाली कशाने? रुसोने?

केफेबकाका

कथानकं लिहिणारा विन्स रुसो ऑक्टोबर १९९९ मध्ये आला. बिशॉफला त्याआधीच, सप्टेंबरमध्ये, घरी बसवलं होतं. रुसोच्या काळात चौथा रकाना वाचवत नाही, हे खरं. एप्रिल २००० मध्ये डेव्हिड आर्केट या नटाला विश्वविजेता केलं, ते थंडर या डब्ल्यूसीडब्ल्यूच्या दुसऱ्या कार्यक्रमात दाखवलं. पण कार्यक्रम वाईट झाला म्हणून कंपनी बंद पडते असं नाही. २००१ च्या सुरुवातीलाही नायट्रो दोनच्या आसपास रेटिंग काढत होता. तोटा प्रचंड होता, मालकी एओएल टाइम वॉर्नरकडे गेली होती, आणि टर्नर वाहिन्यांवर नव्याने आलेले जेमी केलनर यांनी कुस्तीचे कार्यक्रमच रद्द केले. बिशॉफच्या बाजूचा फ्युजिएंट गट कंपनी विकत घ्यायला तयार होता. वाहिनीवरची वेळ गेल्यावर त्यांनी हात काढून घेतला. वेळेशिवाय कुस्ती कंपनी म्हणजे पट्टे, चित्रफिती आणि करार. ते मॅकमहनने घेतलं.

तिसरी दोरी

तीन तास आणि शिवाय गुरुवारचा थंडर (८ जानेवारी १९९८ पासून), हेही जोडा. आठवड्याला पाच तास भरायचे तर कथानक पातळ होणारच. जानेवारी २००० मध्ये नायट्रो परत दोन तासांचा केला, पण तोवर पाणी डोक्यावरून गेलेलं.

भुईचक्र

नवीन सदस्य. माझी ओळख फक्त त्या पत्त्यांपुरती, उंची-वजन-छाती-बायसेप्सवाल्या. सगळं बघणं शक्य नाही. मोजके भाग सांगा आणि प्रतींमध्ये काय सांभाळायचं तेही.

रिंगणकर

स्वागत. पत्त्यांवरच्या "लढलेल्या" आणि "जिंकलेल्या" आकड्यांना गोल्डबर्गच्या आकड्याइतकंच खरं माना.

जोड्या, तारखेने : ४ सप्टेंबर १९९५ चा नायट्रो एकटा. २७ मे १९९६ चा नायट्रो, आणि त्याच दिवसाचा रॉ फक्त चाळायला. २४ फेब्रुवारी १९९७ चा रॉ, मॅनहॅटन सेंटरमध्ये ईसीडब्ल्यू या तिसऱ्या, छोट्या कुस्ती कंपनीची माणसं घुसतात तो. १० मार्च १९९७, मोठ्या पडद्याचा नवा मंच येतो तेव्हा. २२ सप्टेंबर १९९७, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, ऑस्टिन पहिल्यांदा मॅकमहनला स्टनर (त्याचा ठेवणीतला डाव) मारतो. १९ जानेवारी १९९८, मुष्टियोद्धा माइक टायसन येतो तो रॉ. १३ एप्रिल १९९८ दोन्ही. २७ एप्रिल १९९८ दोन्ही : रॉ हॅम्प्टनला, नायट्रो जवळच नॉरफोकला, आणि डीएक्सवाले जीप घेऊन नॉरफोकच्या दारात. ६ जुलै १९९८ नायट्रो. ४ जानेवारी १९९९ दोन्ही.

२४ मे १९९९ चा रॉ या यादीत नाही. आदल्या रात्री कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट छतावरून खाली सोडताना पडून गेला. तो भाग श्रद्धांजलीचा आहे, त्याला गुण द्यायचे नाहीत.

वळचणीचा पाऊस

प्रतींबद्दल मी सांगते.

पहिलं, संगीत. नंतरच्या अधिकृत प्रतींत काही पैलवानांची येण्याची गाणी हक्कांमुळे बदललेली असतात. गाणं बदललं की त्यात मिसळलेला प्रेक्षकांचा आवाजही पुसला जातो आणि नव्याने भरलेला असतो. तेव्हा अशा प्रतीवरून "प्रेक्षक थंड होते" असं लिहू नका.

दुसरं, धूसर ठिपके. डब्ल्यूडब्ल्यूएफ हीच आद्याक्षरं वापरणाऱ्या वन्यजीव निधीबरोबरच्या वादानंतर २००२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफला नाव बदलावं लागलं. त्यानंतरच्या काही वर्षांत निघालेल्या प्रतींत ओरखड्यासारखं जुनं बोधचिन्ह धूसर केलेलं आणि "एफ" हे अक्षर आवाजातून कापलेलं सापडतं. चित्रफीत खराब आहे असं समजून परत करू नका.

तिसरं, घरी व्हीसीआरवर उतरवलेल्या प्रती मिळाल्या तर त्या सोडू नका. चित्र वाईट असतं, पण जाहिराती जागच्या जागी असतात. चीतपट यांना हवी ती मिनिटांची जुळवणी तिथेच तंतोतंत होते.

भुईचक्र

शेवटचा भाग यादीत नाही?

रिंगणकर

राहिला खरा. २६ मार्च २००१, दोन्ही. नायट्रो फ्लोरिडात पनामा सिटी बीचवर उघड्यावर, रॉ क्लीव्हलँडमध्ये. पण इथे आधी रॉ, मग नायट्रो असं करू नका, एकदम लावा. नायट्रोच्या सुरुवातीलाच मॅकमहन बोलतोय, आणि नायट्रोच्या शेवटी दोन्ही वाहिन्यांवर एकच दृश्य आहे : तोच बोलतोय. मधली शेवटची कुस्ती स्टिंग विरुद्ध फ्लेअर, पहिल्या नायट्रोतही हेच दोघे होते. फ्लेअर टी-शर्ट घालून लढलाय. स्टिंगने सबमिशनवर जिंकली. चौथ्या रकान्यात तो शब्द लिहा, पाचवा रिकामा सोडा.